कुरतडलेलं पान

बुधवार, ११ मार्च. नळाला पाणी वीस मिनिटे उशिरा आले. वहिनी अडीच वाजता भाऊची औषधे आणायला गेली. पत्रिका सदतीस झाल्या, त्रेपन्न राहिल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी शिक्का जळाला. भाऊला सांगितलेले नाही.

आत्याच्या वहीत याहून वाईट दिवसही नोंदलेले होते. नवरा गेला त्या दिवशी तिने चार ओळी लिहिल्या होत्या, आणि चौथी ओळ 'गॅस संपला' अशी होती. अकराव्या वर्षी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी पहिली वही हातात देताना सांगितलं होतं, "घडलं ते लिही, वाटलं ते लिहू नको." त्याला पासष्ट वर्षं झाली. एवढ्या वर्षांत 'सांगितलेले नाही' हे शब्द वहीत पहिल्यांदाच आले, आणि लिहून झाल्यावर आत्या त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचं अक्षर असावं तशी बघत बसली.

नवरा गेल्यावर एक ट्रंक आणि पिशवीभर वह्या घेऊन ती धाकट्या भावाकडे आली, त्याला आता तीस वर्षं झाली. भाऊ तेव्हा शिक्क्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. कचेऱ्यांचे गोल शिक्के, चौकोनी शिक्के, तारखेचे शिक्के. तिथला कंटाळा आला की घरी येऊन खोडरबरासारख्या मऊ रबरावर फुलं-पानं कोरायचा. त्यातूनच पुढे लग्नपत्रिकांचं काम सुरू झालं आणि तिघांच्या वाटण्या आपोआप पडल्या. भाऊने शिक्का कोरायचा. वहिनीने त्याला चिकट, बिनरंगाची शाई लावून तो कागदावर दाबायचा. त्या ओल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या ठशावर आत्याने तांब्याच्या रंगाची भुकटी पेरायची, जास्तीची झटकायची, चुकार कण मऊ ब्रशने टिपायचे आणि मग कागद खालून गरम हवेने तापवायचा. त्या हवेच्या यंत्राला घरात सगळे 'फुंकणी' म्हणत. तीन-चार सेकंद काही होत नाही, भुकटी मातीसारखी निस्तेज पडून राहते. मग एका कडेने ती वितळायला लागते आणि बघता बघता सगळं चित्र उठून चकाकतं. "भुकटीला डोळे फुटले," असं वहिनी म्हणायची. आतला मजकूर छापखान्यातून छापून यायचा, पण लोक पत्रिका उघडण्याआधी वरच्या चित्रावरून अंगठा फिरवत. भाऊ तरी गिऱ्हाइकाचं तोंड कुठे बघायचा? तो त्याचा अंगठाच बघायचा.

घरात कामाचे दोन नियम होते. पहिला, अर्धं काम कोरणाऱ्याला दाखवायचं नाही. दाखवलं की भाऊ लगेच सुरी उचलायचा, "ही रेघ जरा जाड वाटते" म्हणायचा, आणि पहिली पत्रिका एक, शंभरावी भलतीच असा प्रकार व्हायचा. म्हणून सगळा गठ्ठा पुरा झाल्याशिवाय त्याच्यासमोर न्यायचा नाही. दुसरा नियम फुंकणीचा. बंद केली तरी तिचं तोंड दहा मिनिटं तापलेलं राहतं, म्हणून टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा असे आणि फुंकणी हातातून सुटली की त्या डब्यात, तोंड खाली करून. तीस वर्षांत आत्याचा हात त्या डब्याकडे न बघता जाऊ लागला होता.

गेल्या ऑक्टोबरात भाऊला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि दोन महिने तसाच राहिला. वहिनीने भरवलं तर खायचा, नाही तर नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची आणि हात हलवत परत जायची. "बाबा, वळा ना इकडे," म्हणून लेक रडली, तेव्हा तो भिंतीला म्हणाला, "कोरणारा गेला. हा उरला तो कोणी दुसरा."

लेकीला घरात ठकी म्हणत. बाहुलीएवढी होती तेव्हाचं नाव, चौतीस वर्षांची झाली तरी चिकटलेलंच. नोकरीच्या गावाहून डिसेंबरात ती आली ती लग्न ठरवूनच. भाऊच्या पलंगावर बसली आणि जरा हसत, जरा भीत म्हणाली, "जगाच्या पत्रिका केल्यात बाबा. माझी कोण करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊने डाव्या हाताने उशाजवळची वाटी चमच्याने वाजवली. काही हवं असलं की तो तसं करायचा. आत्या गेली तर म्हणाला, "सुरी."

एक शिक्का, तळहाताएवढा. पूर्वी त्याला दीड दिवस लागला असता, आता अकरा आठवडे लागले. एक उघडी खिडकी आणि तिच्यावरून गेलेला वेल, वेलाला अकरा पानं. डाव्या हाताला सुरी ऐकेना. तिसऱ्या आठवड्यात ती घसरली आणि वरच्या पानाचं टोक उडालं. भाऊने ते पान अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाला, "असू दे. वेल म्हटला की कीड आलीच." त्या दिवशी तो स्वतःच्या हाताने जेवला. पुढे व्यायामही करू लागला, म्हणे हात पिळला की सुरी नीट धरता येते.

"त्या रबरात जीव आहे त्याचा, वन्सं," वहिनी म्हणाली होती. "रबर संपलं की काय करायचं, ते तुम्ही बघा."

तसं पाहिलं तर या नव्वद पत्रिकांची कुणाला गरज नव्हती. ठकीने सगळ्यांना फोनवरून केव्हाच कळवलं होतं. पण भाऊने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात नव्वद नावांची यादी काढली होती, आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचा, "किती झाल्या?"

तर त्या बुधवारी सदतिसावी पत्रिका तापवून आत्याने वाळत ठेवली. ट्रेमध्ये जागा उरली नव्हती म्हणून सकाळीच तिने दुसरा ट्रे मांडला होता आणि त्यासाठी डबा उचलून खिडकीत ठेवला होता. शिक्का पुसून डाव्या कोपऱ्यात ठेवलेला. तेवढ्यात आतून वाटी वाजली, एकदा नव्हे, चार-पाचदा. घरात दुसरं कोणी नाही. आत्याने फुंकणी बंद केली, तिच्या हाताने ती तीस वर्षांच्या सवयीने डाव्या कोपऱ्यात तोंड खाली करून टेकवली, आणि ती धावली. भाऊ पलंगाच्या कडेला घसरला होता. त्याला सावरून, उशी लावून, "असा कसा रे घसरलास, लहान आहेस का?" असं दटावत ती बाहेर आली तेव्हा खोलीत टायर जळल्याचा वास भरला होता.

रबर भज्यासारखं फुगून आलं होतं. चार पानं आणि खिडकीची अर्धी चौकट एकमेकांत विरघळून गोळा झालेली. आत्याने शिक्का उचलून पाण्याच्या तांब्यात बुडवला, मग पातं घेऊन वितळलेला भाग खरवडायला गेली, आणि जे थोडं उरलं होतं तेही तिच्याच हाताने निघून आलं.

"काय जळलं?" आतून जड जिभेचा आवाज आला.

"वायर," आत्या म्हणाली. "फुंकणीची वायर. तू पड."

वहिनी औषधं घेऊन आली ती दारातच नाक मुरडत. आत्याने तिला हाताला धरून मोरीत नेलं, दार लावलं आणि रुमालात गुंडाळलेलं ते दाखवलं. वहिनीने त्यावरून एक बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "तीस वर्षांत माझ्या हातून बशी फुटली तरी तुम्ही तारीख घालून लिहून ठेवलीत. आता काय लिहाल, वन्सं?"

"लिहीन. घडलं ते लिहीन."

"आणि त्यांना?"

आत्याने रुमाल पुन्हा गुंडाळला. वहिनी मोरीच्या कट्ट्यावर बसली. "नाही सांगायचं," ती म्हणाली. "त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं ना, तर मला नाही वळवता यायचं या खेपेला. माझ्यात तेवढं बळ नाही उरलं."

एकवीस तारखेच्या शनिवारी पत्रिका टपालात पडायच्या होत्या. दहा दिवस. भाऊ दुपारी दोन ते चार झोपायचा, म्हणजे दिवसाचे दोन तास. आत्याने कपाटातून नव्या रबराची पट्टी काढली, चांगली उतरलेली एक पत्रिका समोर ठेवली आणि शहात्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा कोरायला बसली. सगळं उलटं कोरायचं हे तिला माहीत होतं, माहीत असणं आणि हाताला येणं यात किती अंतर आहे ते कळलं. गुरुवारी अंगठा कापला. शुक्रवारी एक पान जमलंसं वाटलं म्हणून वहिनीने त्याला शाई लावून ठसा काढला.

"हे पान आहे की चप्पल?" वहिनी म्हणाली.

आत्यालाही हसू फुटलं. दोघी तोंडावर पदर दाबून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. हसू थांबलं तरी वहिनीचं पाणी थांबलं नाही. संध्याकाळी भाऊने विचारलं, "किती?" आत्या म्हणाली, "पंचेचाळीस." वहीत मात्र तिने लिहिलं, 'सदतीस.' शनिवारी भाऊला सांगितलं पन्नास, वहीत सदतीस. रविवारी ठकीचा फोन आला. "आत्या, बाबा चक्क गाणं गुणगुणत होते गं फोनवर. तुम्ही काय जादू केलीत?" आत्याने फोन वहिनीकडे दिला आणि उगाचच गच्चीवर कपडे आणायला गेली. दोरीवर एकही कपडा नव्हता.

सोमवारी तिने नवऱ्याच्या वेळची छत्री काठीसारखी टेकत बाजार गाठला. जिन्याखालच्या खोपटात एक शिक्केवाला बसायचा. त्याच्याकडे आता सुरी नव्हती, कॉम्प्युटर होता. पत्रिका नुसती काचेवर ठेवायची, यंत्र तसाच शिक्का काढून देतं, हे ती ऐकून होती. इतके दिवस तिच्या पायांनी ही वाट धरली नाही, कारण भाऊ या दुकानाला 'झेरॉक्सवाला' म्हणायचा आणि पुढे थुंकल्यासारखं करायचा.

शिक्केवाल्याने पत्रिका उजेडात धरली. "वा आजी, उठाव काय सुरेख आलाय! पण कोरलंय कुणी? हात कापत होता वाटतं त्याचा."

"डावा हात आहे तो," आत्या म्हणाली.

"डावरे आहेत?"

"नव्हता."

त्याने पत्रिका काचेवर ठेवली. दीड तास ती बाहेरच्या बाकावर बसली. त्याने शिक्का पुडीत बांधून दिला, तो उघडून बघायचा धीर तिला झाला नाही. जाताना तो मागून आपुलकीने म्हणाला, "वरचं एक पान तुटलं होतं बरं का. तेही नीट करून दिलंय."

आत्या रस्त्यात उभी राहिली. मागे वळून "ते पुन्हा तोड" असं सांगायला हवं होतं, पण ते कसं सांगतात? त्या भल्या माणसाला वाटलं असतं म्हातारी भ्रमिष्ट आहे. घड्याळात पावणेचार झाले होते. भाऊ चारला उठायचा. ती घरी आली.

मंगळवारी दुपारी दोघींनी पहिला ठसा काढला. खिडकी तीच, वेल तोच, अकरा पानं, अकराही धडधाकट. चित्र इतकं निरोगी दिसत होतं की वहिनीने ते पालथं घातलं.

"एकच काप तर द्यायचाय," आत्या म्हणाली. तिने भाऊची सुरी घेतली, श्वास रोखला आणि पानाचं टोक उडवलं. पुन्हा ठसा घेतला, भुकटी पेरली, फुंकणी धरली. डबा आता जागेवर होता. दोन पत्रिका शेजारी ठेवून वहिनी वाकून वाकून बघत राहिली. "मला तर नाही कळत," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मलाही नाही."

बुधवार, गुरुवार. त्रेपन्न पत्रिका झाल्या. आत्याने नव्या-जुन्या एकत्र केल्या, पत्ते पिसतात तशा पिसल्या, आणि गठ्ठ्याला रिबन बांधली. जळका शिक्का रुमालासकट शिवणयंत्राच्या खणात तळाशी गेला.

शुक्रवारी चार वाजता भाऊला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. वहिनीने त्याची दाढी केली होती, धुवट सदरा घातला होता. मांडीवर पाट ठेवून आत्याने गठ्ठा समोर ठेवला. तो रिबनकडे बघून म्हणाला, "नव्वद?"

"मोज हवं तर."

चष्मा त्याने घातलाच नाही. पहिली पत्रिका घेतली, डोळे मिटले आणि डावा अंगठा खिडकीवरून वेलावर, वेलावरून पानावर नेला. त्याचं अर्धं तोंड हसलं. दुसरं अर्धं हसू शकत नव्हतं. "जमलंय," तो म्हणाला. "वहिनीचा दाब... एकसारखा." कामाच्या वेळी तो बायकोलाही आत्यासारखं 'वहिनी'च म्हणायचा, ही त्याची जुनी थट्टा. ती कित्येक महिन्यांनी ऐकून वहिनीने आत्याचा हात घट्ट धरला.

दुसरी पत्रिका. तिसरी. चौथीवर अंगठा वरच्या पानापाशी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ती पत्रिका त्याने पाटाच्या उजव्या बाजूला ठेवली. पाचवीही उजवीकडे. सहावी डावीकडे. वहिनीने आत्याचा हात सोडला आणि ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, भांड्यांचा मात्र आला नाही.

अर्धा तास लागला. आत्या उभीच होती. शेवटची पत्रिका ठेवून भाऊने डावीकडचा लहान गठ्ठा मोजला. "सदतीस," तो म्हणाला. "या माझ्या." मग उजवीकडे बोट केलं. "या कुणाच्या?"

आत्याने पदराला हात पुसले.

"माझा काप... आतून बाहेर गेलाय. सुरी निसटली म्हणून. हा बाहेरून आत आलाय. मुद्दाम." त्याला दम लागला. "शिक्का आण."

तिने खणातून रुमाल आणला आणि त्याच्या तळहातावर सोडला. त्याने गोळा झालेल्या भागावरून अंगठा फिरवला, मग खरवडलेल्या भागावरून. तिला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"डबा कुठं होता?"

"खिडकीत," आत्या म्हणाली. "मी हलवला होता. तू वाटी वाजवलीस, मी धावले. हात सवयीने गेला रे."

"हं." हे त्याला पटल्यासारखं वाटलं. कामातली चूक त्याला नेहमीच समजायची. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू पुन्हा भिंतीकडे वळशील म्हणून. आम्हाला भीती वाटली."

"म्हणजे तुला वाटलं," भाऊ एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला, "की मला दुसरा... जमणार नाही."

आत्या त्याची मोठी बहीण होती. लहानपणी त्याच्या चुका स्वतःवर घेऊन तिने शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. आता "तसं नाही रे" एवढंच म्हणायचं होतं, आणि पासष्ट वर्षं घडलं तेच लिहीत आलेल्या बाईला तेवढं म्हणता आलं नाही. तिला तसंच वाटलं होतं. बुधवारी तीन वाजून दहा मिनिटांनी, पाण्याच्या तांब्यासमोर उभी असताना, याला सांगावं आणि हा दुसरा कोरेल, असा विचार एकदाही तिच्या मनात आला नव्हता.

भाऊने तिच्याकडे बघितलं. वाट बघितली. मग मान हलवली.

"बरोबर आहे तुझं, ताई," तो म्हणाला. "नसताच जमला. मला झोपव."

"आणि या पत्रिका? यातल्या कुठल्या पाठवू?"

"सगळ्या पाठव. लोकांना काय कळतंय."

दोघींनी मिळून त्याला पलंगावर नेलं. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर मुलं खेळत होती. तो भिंतीकडे वळला. वहिनीने पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही आणि ओळखलाही नाही. "अहो, ठकीला फोन लावू का?" तिने विचारलं. ती तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिली.

आत्या शिक्का न्यायला पुढे झाली. तो त्याच्या डाव्या मुठीत होता. तिने हळूच बोटं सोडवायचा प्रयत्न केला, आधी करंगळी, मग शेजारचं बोट. मूठ आणखी आवळली गेली. रागाने की कशाने, ते तिला पाठीवरून कळेना. "राहू दे मग," ती म्हणाली आणि टेबलापाशी गेली. नव्वद पाकिटांवर तिने यादीबरहुकूम पत्ते घातले. सदतीस पत्रिका कुणाकुणाला जातात ते तिने बघितलं नाही, गठ्ठे पुन्हा एक केले होते. वरच्या पाकिटाला डिंक लावताना कापलेला अंगठा झोंबला.

मग तिने वही उघडली. 'सदतीस' लिहिलेल्या ओळी वर एकाखाली एक होत्या. त्यांच्याखाली तिने लिहिलं:

शुक्रवार, २० मार्च. नव्वद पत्रिका पाकिटांत घातल्या. भाऊला सर्व कळले. पत्र्याचा डबा टेबलाला खिळ्यांनी ठोकला. रबराच्या दोन पट्ट्या शिल्लक आहेत. भाऊने मूठ उघडली नाही आणि शिक्का धरलेली मूठ बाहीतून निघत नाही, त्यामुळे उद्याच्या धुण्यात त्याचा सदरा नाही.